फणसवाडीतली कॅनडाची द्राक्षं

हेरंबरावांनी आयुष्यात एकच झाड लावलं होतं, तुळशीचं. तीही सासऱ्यांच्या, म्हणजे तात्यांच्या, डोळ्यांदेखत वाळली. "जावईबापू, तुमच्या हाताला गुण नाही हो," असं तात्या भर पंगतीत म्हणाले. ते हेरंबरावांना फार लागलं.

म्हणून जहाजावर नोकरी करणाऱ्या शेजारच्या जगदीशनं कॅनडाहून द्राक्षाच्या वेलाची काडी आणली, तेव्हा त्यांनी ती फणसवाडीतल्या चाळीच्या गॅलरीत, रॉकेलच्या डब्यात लावली. वाइनची द्राक्षं, आणि बर्फातही तगणारी! (हेरंबरावांना स्वतःला पंख्याखाली सर्दी होते, ती गोष्ट वेगळी.)

"थंडीत झोपल्याशिवाय हा वेल फळत नाही," त्यांनी बायकोला बजावलं.

"अहो, फणसवाडीत कसली थंडी?" ललिताबाई म्हणाल्या.

"विकत आणीन!"

आणि आणलीच. पौषात रोज बर्फाची लादी, भुशासकट. खालच्या सुंदराबाईंच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर पाणी टपकायचं आणि त्या हेरंबरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. पण काडी काय झोपली म्हणता! शिमगा झाला, पाडवा झाला, तरी आपली घोरतेच आहे.

पाऊस लागल्यावर एके सकाळी डब्यात कोंब! मग पानं, थेट द्राक्षासारखी. मग पिवळीधमक फुलं. हेरंबराव चाळभर सांगत सुटले, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र होणार, आणि त्याची पहिली वाइन आमच्या गॅलरीत होणार!"

"हळू बोला, दारूबंदी आहे," ललिताबाई म्हणाल्या.

बोटाएवढी हिरवी फळं धरली, तशी हेरंबरावांनी तात्यांना दादरहून गणपतीच्या जेवणाला बोलावलं. फळं जरा लांबट होती खरी. पण कॅनडा देशच मुळात केवढा! (हेरंबराव भाजी ओळखायचे ती ताटात पडल्यावर. बाजारहाट सगळा ललिताबाईंचा.)

तात्या आले. हेरंबरावांनी त्यांना हाताला धरून गॅलरीत नेलं. वेल रिकामा!

"चोरी! माझी द्राक्षं गेली!"

तेवढ्यात ललिताबाई गरम भज्यांची ताटली घेऊन आल्या. "ओरडू नका. काडी तुमची पौषातच गेली. तुमचं तोंड बघवेना, म्हणून मीच घोसाळ्याचं बी टाकलं. सांगणार होते, पण तुम्ही दुसऱ्याला बोलू द्याल तर ना!"

हेरंबरावांचा चेहरा एवढासा झाला. तात्यांनी शांतपणे एक भजं खाल्लं. मग दुसरं.

"जावईबापू, शब्द मागे घेतो. गुण आहे हाताला," तिसरं उचलत ते म्हणाले. "पुढच्या वर्षी कांद्याची द्राक्षं लावा. मला ती जास्त आवडतात."