धोंडोपंतांच्या सिनेमात यान नव्हतं

एका जंगलात वीज नव्हती, पण चित्रपट महोत्सव होता. वीज नसताना सिनेमा कसा दाखवत, हे विचारू नका, मुलांनो. तिथेही कोणी विचारत नसे. दोन फांद्यांना पांढरं कापड बांधायचं, काजव्यांना रांगेत बसवायचं आणि अध्यक्षांनी खाकरायचं, की सिनेमा सुरू.

हा महोत्सव दर ज्येष्ठात एका जुन्या बेहड्याच्या झाडाखाली भरे. झाड प्रचंड होतं. वर बगळ्यांची घरटी, मधे वानरांचा कळप, ढोलीत खारी, आणि खाली बुंध्याला टेकून बसलेले प्रेक्षक. निम्मं जंगल त्या झाडावर राहायचं आणि उरलेलं निम्मं त्याच्या सावलीत वेळ घालवायचं.

त्याच जंगलात धोंडोपंत नावाचं एक खवलेमांजर राहत होतं. खवलेमांजर म्हणजे अंगभर खवले, हातभर जीभ आणि स्वभाव भिडस्त. कोणी जरा मोठ्याने बोललं की धोंडोपंत अंगाची गुंडाळी करून पडून राहायचे. तसे पडले की ते हुबेहूब धोंड्यासारखे दिसत, म्हणून हे नाव.

धोंडोपंतांचं जेवण म्हणजे मुंग्या आणि वाळवी. त्यामुळे कुठल्या झाडात काय चाललंय, हे त्यांना जिभेने कळायचं. गेल्या होळीला त्यांनी बेहड्याच्या बुंध्यातल्या एका भोकात जीभ घातली, तेव्हा ती अर्धी जाऊन लाकडाला टेकली. दिवाळीला पाऊण गेली. या होळीला सगळी गेली आणि टेकलीच नाही.

धोंडोपंतांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. ते तीन दिवस बुंध्याभोवती फिरले, बारा ठिकाणी जीभ घातली, वाळूत काड्यांनी हिशोब मांडला. झाड आतून पोकळ झालं होतं. वाळवी याच वेगाने चढत राहिली, तर ज्येष्ठातल्या पहिल्या जोराच्या वाऱ्यात झाड पडणार होतं.

आता हे सांगायचं कसं? चार जणांसमोर बोलायचं म्हटलं की त्यांची गुंडाळी होई. म्हणून त्यांनी सिनेमा काढला.

सिनेमा साधा होता. एक झाड पोकळ होतं. कोणीतरी ते मोजतं. मग एका सकाळी सगळे प्राणी पिल्लं पाठीवर घेऊन झाड सोडतात. पुढे नव्या झाडांवर जागेवरून भांडणं होतात, वानरांना बगळ्यांचा वास सहन होत नाही, आणि हळूहळू सगळे एकमेकांना जागा देतात. मोजणीचा भाग थोडा लांबला होता. सुरुवातीची वीस मिनिटं पडद्यावर नुसती जीभ आत जात होती. पण कामाला सुरुवात केली की धोंडोपंतांना आवरता येत नसे.

महोत्सवात विज्ञानपटाला मोठा मान होता. तो शेवटच्या संध्याकाळी सगळ्या जंगलासमोर दाखवत. धोंडोपंतांना तेच हवं होतं. त्यांनी सिनेमा समितीपुढे ठेवला.

समितीचे अध्यक्ष होते बळवंतराव गवा. त्यांना सगळे घाबरत, म्हणून ते जाणकार समजले जात. सदस्य होता सुरंजन नावाचा मोर. त्याला सिनेमाची आवड होती, कारण पडद्याच्या उजेडात त्याचा पिसारा छान दिसे.

सिनेमा पाहून झाला. बळवंतरावांनी रवंथ थांबवला.

"यान कुठे आहे?"

"कसलं यान?" धोंडोपंतांनी विचारलं.

"विज्ञानपटाला यान लागतं. बरं, यान नाही तर नाही. बटणं आहेत का? लाल, हिरवी, दाबली की टुंग वाजणारी?"

"नाहीत."

"निळा उजेडही दिसला नाही," सुरंजन म्हणाला. "आणि कपडे? चमकणारे कपडे घातलेलं एकही पात्र नाही."

"पण यात मोजमाप आहे," धोंडोपंत हळूच म्हणाले. "असं झालं तर पुढे काय होईल, याचा विचार आहे. विज्ञान म्हणजे तेच ना?"

"गोष्ट कुठल्या सालात घडते?"

"याच."

"याच?" बळवंतरावांनी सुरंजनकडे पाहिलं. "विज्ञानपट कमीत कमी पाचशे वर्षं पुढचा असावा लागतो, पंत. हे लहान पोरालाही कळतं. आणि दुसरं असं, की विज्ञान म्हणजे जे आपल्याला कळत नाही ते. तुमचा सिनेमा मला पहिल्यापासून शेवटपर्यंत कळला. मग तो विज्ञानपट कसा असेल?"

तोवर धोंडोपंतांची गुंडाळी झाली होती.

सिनेमात पाठीवर पिल्लं होती, म्हणून समितीने त्याला कौटुंबिक ठरवलं. तो दुपारी, करवंदीच्या जाळीमागे, भर उन्हात दाखवला गेला. प्रेक्षक दोन. एक ससा, जो सावली शोधत आला होता आणि लगेच झोपला. दुसरी ताराक्का नावाची खार, जी बेहड्याच्या ढोलीत राहायची.

ताराक्काने सगळा सिनेमा पाहिला. जिभेची वीस मिनिटंसुद्धा.

"पंत, माझी ढोली दर महिन्याला ऐसपैस होतेय. मला वाटायचं, माझं नशीब उघडलं."

"वाळवी आहे ती, ताराक्का."

ताराक्काने त्याच संध्याकाळी पिल्लं तोंडात धरून एकेक करून जांभळीवर हलवली. शेजारणींनी कारण विचारलं. तिने सांगितलं. शेजारणी पोट धरून हसल्या आणि तिच्या रिकाम्या ढोलीत दाणे ठेवायला लागल्या.

त्या वर्षीचा विज्ञानपट होता रंगराव कोल्ह्याचा. त्यात एक वाघ बटण दाबून चंद्रावर जातो, तिथल्या हरिणींच्या राणीवर भाळतो आणि ऋषीच्या शापातून तिला सोडवतो. नऊ गाणी होती. समितीला तो अजिबात कळला नव्हता, त्यामुळे निवड एकमताने झाली.

शेवटच्या खेळाच्या आदल्या दिवशी रंगराव धोंडोपंतांकडे आला.

"पंत, सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्यापुढे चंद्रावरचा माणूस उभा करायचाय. तुमच्यासारखं वैज्ञानिक अंग जंगलात दुसऱ्या कोणाचं नाही. कपडे शिवायचा खर्च वाचेल."

धोंडोपंतांना ओशाळल्यासारखं झालं. मग त्यांच्या मनात आलं, की सगळं जंगल समोर असेल.

"येतो," ते म्हणाले. "पण मला दोन मिनिटं बोलू द्यायचं."

"चार बोला की. पण चेहरा गंभीर ठेवा."

शेवटची संध्याकाळ. आभाळ भरून आलं होतं. बेहड्याखाली पाय ठेवायला जागा नव्हती. रंगरावाने धोंडोपंतांच्या खवल्यांना एरंडाचं तेल चोळलं होतं. काजव्यांच्या उजेडात ते इतके चमकले, की बळवंतराव सुरंजनला म्हणाले, "याला म्हणतात विज्ञान."

धोंडोपंतांची गुंडाळी होऊ पाहत होती. त्यांनी ती कशीबशी रोखली. आयुष्यात पहिल्यांदा.

"हे झाड आतून पोकळ आहे," ते म्हणाले. "मी मोजलंय. वारा सुटायच्या आत कृपा करून सगळे उठा. वरच्यांना उतरवा. अंडी उचलता येतील तेवढी उचला."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो, हा संवाद नाही," धोंडोपंत म्हणाले. टाळ्या दुप्पट झाल्या. मागून एक रानडुक्कर म्हणाला, "काय अभिनय आहे. खरंच घाबरलाय असं वाटतं."

धोंडोपंत तिसऱ्यांदा सांगायला लागले, तेव्हा रंगरावाने त्यांना शेपटीला धरून बाजूला ओढलं आणि पहिलं गाणं लावलं.

चौथ्या गाण्याला वारा सुटला. झाडाच्या आतून कर्रकन आवाज आला. प्रेक्षक खूश झाले. रंगरावाने आवाजावर मेहनत घेतली आहे, असं एकमेकांना सांगू लागले. ताराक्का जांभळीवरून ओरडत होती. धोंडोपंत रांगेरांगेतून फिरून प्रेक्षकांना ढकलत होते, आणि प्रेक्षक त्यांना "मधे येऊ नका, दिसत नाही" म्हणत होते.

झाड सावकाश पडलं, म्हणून खाली बसलेल्यांना पळता आलं. दोन वानरांचे पाय मोडले. ढोलीत दाणे आणायला गेलेली एक खार बाहेर आली नाही. बगळ्यांची तेवीस घरटी अंड्यांसकट गेली. बगळे दोन दिवस त्या रिकाम्या जागेवरून घिरट्या घालत राहिले. त्यांना बसायचं कुठे ते सुचत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी समितीची बैठक भरली. रंगरावाला विज्ञानपटाचं पारितोषिक मिळालं. झाड पडण्याचा प्रसंग फारच जिवंत वठला, असं समितीने खास नमूद केलं.

मग धोंडोपंतांना बोलावलं.

"तुमच्या सिनेमाचा वर्ग पुन्हा ठरवायचाय," बळवंतराव म्हणाले. "तुम्ही दाखवलं ते घडलं. म्हणजे तो कल्पनेचा सिनेमा राहिला नाही. विज्ञानपट तर आता मुळीच नाही."

"मग माहितीपट म्हणा," धोंडोपंत म्हणाले. त्यांचा आवाज थकला होता.

"माहितीपट घडून गेल्यावर काढतात. तुम्ही आधीच काढलात."

"मग तो आहे तरी काय?"

बळवंतरावांनी सुरंजनकडे पाहिलं. सुरंजनने पिसारा मिटला.

"अपशकुन," तो म्हणाला.

तसं दप्तरात नोंदवलं गेलं. नोंद झाल्यावर पुढचं आपोआप ठरलं. इतकी वर्षं उभं असलेलं झाड नेमकं याच वर्षी का पडलं? कारण याच वर्षी एकाने त्याच्यावर सिनेमा काढला. बैठकीत सगळ्यांना हे पटलं. वाळवीचं नाव कोणी घेतलं नाही. ती समितीवर नव्हती, पण तिच्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती.

महोत्सवाच्या नियमांत एक नवं कलम आलं. यापुढे विज्ञानपटासोबत, यातलं काहीही कधीही घडणार नाही, असं हमीपत्र जोडावं. रंगरावाने पुढच्या पाच सिनेमांची हमीपत्रं तिथल्या तिथे देऊन टाकली.

धोंडोपंत पुढच्या सकाळी डोंगरापलीकडे निघून गेले. ताराक्का त्यांना ओढ्यापर्यंत सोडायला गेली होती. परतताना तिला बगळ्यांतली एक मादी भेटली आणि तिने विचारलं, तो सिनेमा पुन्हा कुठे बघायला मिळेल का? ताराक्का म्हणाली, त्या सिनेमाचं कापड समितीने जाळलं.

तात्पर्य : मुलांनो, विज्ञानपट काढायचा असेल तर आधी कपडे शिवून घ्या. विज्ञान शक्यतो टाळा. टाळता आलं नाहीच, तर निदान ते खरं ठरणार नाही, एवढी काळजी घ्या.