पायातला गोळा

भाषणाच्या चाळिसाव्या मिनिटाला आवक-जावक विभागाच्या कारकुनाच्या पायात गोळा आला. कार्यालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं आणि मंत्री अजून प्रस्तावनेतच होते. कारकून तिसऱ्या रांगेतून ताडकन उठला, तोल सावरायला त्याने एक हात वर केला आणि दातओठ खाल्ले. तेवढ्यात फ्लॅश उडाला.

त्या गावात दोन पेपर होते, एक सरकारचा आणि एक विरोधकांचा. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या दोघांत फोटोग्राफर मात्र एकच होता. तो एकच फोटो दोघांना देई, खालच्या ओळी ते आपापल्या लिहून घेत. दुसऱ्या दिवशी सरकारी पेपरात आलं, ‘भाषणाने भारावलेला कर्मचारी, डोळ्यांत पाणी’. विरोधकांच्या पेपरात आलं, ‘भरसभेत मंत्र्यांना जाब, कारकुनाचा संताप अनावर’.

साहेबांनी दोन्ही पेपर टेबलावर शेजारी शेजारी पसरले होते. त्यांच्याखाली कारकुनाच्या बदलीची फाइल होती. त्याची बायको दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नर्स होती. नऊ वर्षं तो शनिवारच्या बसने जाई आणि रविवारी परते. घरी मुलगी त्याला पाहुणा समजून चांगल्या कपात चहा देई. फाइलवर आता फक्त साहेबांची सही राहिली होती.

“हे काय आहे?”

“साहेब, पायात गोळा आला होता.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “दोन्हीकडे खुलासा छापून आणा, मग सही करतो.”

विरोधकांच्या पेपरचा संपादक फारच मायाळू निघाला. त्याने पंखा कारकुनाकडे वळवला.

“घाबरू नका. कोण दबाव आणतंय तुमच्यावर?”

“कुणी नाही हो. खरंच गोळा आला होता.”

“असंच सांगायला लावलंय ना?” संपादकाचा आवाज भरून आला आणि त्याने लिहायला घेतलं.

सरकारी पेपरच्या संपादकाने पंखा वगैरे वळवला नाही.

“मंत्री बोलत असताना गोळा? म्हणजे भाषण लांबलं, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“छे छे! खुर्ची जरा अडचणीची होती, एवढंच.”

“खुर्च्या कुणी पुरवल्या होत्या?”

इथे कारकुनाने गप्प बसायला हवं होतं. पण तो सरळ माणूस, मंडपवाल्याचं नाव सांगून मोकळा झाला. सकाळी एकीकडे छापून आलं, ‘सत्याची गळचेपी, कारकुनाला गोळ्याची सबब सांगायला भाग पाडलं’. दुसरीकडे, ‘सदोष खुर्च्यांमागे विरोधकांचा हात? मंडपवाल्याचा मेहुणा त्यांचाच कार्यकर्ता’. दुपारपर्यंत फाटकाशी दोन मोर्चे येऊन उभे राहिले. दोन्हींकडे कारकुनाचे फोटो होते आणि त्याला आत जायला दोघांपैकी कुणीच वाट देईना. चौकशीसाठी खुर्च्या जप्त झाल्या, त्यात चुकून कार्यालयाच्याही गेल्या. कर्मचारी उभ्याने काम करू लागले, आणि कारकुनाकडे बघायचं सगळ्यांनी बंद केलं.

साहेबांनी त्याला उभ्यानेच बोलावलं.

“आता तुमची बदली केली तर ते म्हणणार शिक्षा दिली, आणि हे म्हणणार पळून गेला. निवडणुका होऊन जाऊ द्या.”

“साहेब, त्या आत्ताच झाल्या.”

“मग पुढच्या.”

फाइल पुन्हा कपाटात गेली. ती परत आल्याची नोंद त्याला स्वतःच्याच हाताने आवक रजिस्टरात करावी लागली. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं, याचंच त्याला वाईट वाटलं.

संध्याकाळी त्याने कार्यालयातूनच बायकोला फोन लावला. काय आणि कसं सांगावं याची त्याने तीनदा जुळवाजुळव केली होती, पण तिचा आवाज ऐकताच ती विस्कटली.

“बदली नाही झाली,” तो म्हणाला.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“पेपर आलेत इथे. दोन्ही वाचले.”

“अगं, मी काही—”

“अहो, ते राहू द्या. गोळा कुठल्या पायात आला होता?”

आठ दिवसांत त्याला हे कुणीच विचारलं नव्हतं. साहेबांनी नाही, संपादकांनी नाही, घसा फाटेस्तोवर त्याच्या नावाने घोषणा देणाऱ्यांनीही नाही.

“डाव्या,” तो म्हणाला.

“अजून दुखतोय?”

“हो,” तो म्हणाला, आणि उभ्या कार्यालयात बसायला कुठे जागा आहे का ते पाहू लागला.