टेबलफॅनच्या वाऱ्यावर आल्प्स पार

हॉलिवुडचे जुने, स्वस्तातले विमानपट हा माझा खास विषय. (असा काही विषय असतो, हे अख्ख्या कर्जतमध्ये मला एकट्यालाच ठाऊक आहे.) काळं-पांढरं चित्र, बर्फाचं वादळ, बंद पडलेलं इंजिन, दात आवळून बसलेला वैमानिक! आणि विमान म्हणाल, तर स्टुडिओत मांडलेला अर्धा पत्र्याचा सांगाडा नि समोर एक पंखा. त्यामुळे रसायनीच्या आमच्या कारखान्यात लघुपट स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा मी ठरवून टाकलं, आपणही आपल्या हॉलमध्येच आल्प्स पार करायचे.

रविवारी डायनिंग टेबलावर खुर्ची चढवली, खुर्चीवर मी चढलो. डोक्याला माकडटोपी, डोळ्यांना पोहण्याचा चष्मा, गळ्यात बायकोची ओढणी. शेजारचा टेंपोवाला नवनाथ मोबाइल रोखून उभा. बायको, म्हणजे सुचेता, टेबलफॅनपाशी तांदळाच्या पिठाचा डबा घेऊन. (बर्फ!)

"चिमूटभर टाकते हं," ती म्हणाली.

"चिमटीनं आल्प्स होत नाहीत, सुचेता!"

"बरं," म्हणत तिनं पंखा तीनवर केला आणि अख्खा डबा ओतला.

त्यानंतर मला काही दिसलं नाही. "इंजिन गेलं!" मी ओरडलो. हे संवादात होतं. "आपण पडतोय!" हेही होतं. "अगं, खरंच पडतोय!" हे नव्हतं.

"काय ॲक्टिंग हाय, भाऊ!" नवनाथ म्हणाला आणि शूटिंग करतच राहिला.

आधी खुर्ची खाली आली, तिच्यावर मी.

"अहो, लागलं का?" सुचेता धावली.

"शॉट आला का?" मी पिठातून विचारलं.

मी हाताला प्लास्टर घालून घरी आल्यावर तिनं तो शॉट चार वेळा पाहिला. "अगदी विमान पडल्यासारखं वाटतंय हो," ती म्हणाली. लग्नाला अठरा वर्षं झाली. माझ्या पडण्याचं असं कौतुक पहिल्यांदाच झालं.

आणि सांगायला अभिमान वाटतो, चित्रपट पहिला आला! गळ्यात हात अडकवून मी स्टेजवर गेलो. सगळा कारखाना उभा राहून टाळ्या वाजवत होता. पहिल्या रांगेत सुचेता डोळे पुसत होती. बक्षीस सुरक्षा विभागाचं होतं, हे मला प्रमाणपत्र वाचल्यावर कळलं.

आजही नवा कामगार रुजू झाला की, पहिल्याच दिवशी त्याला माझा चित्रपट दाखवतात. मग 'मी असं कधीही करणार नाही' अशा हमीच्या कागदावर त्याची सही घेतात.