एका नावात शंभर आंघोळी

लावा पैज. या गोष्टीचा शेवट ओळखून दाखवा, मी मिशी उतरवतो. अर्धा ओळखाल, तेवढे हुशार दिसताय. उरलेल्या अर्ध्याला मात्र माझी मिशी शाबूत आहे.

शेवरगावच्या कॉलेजात तासाला जे बोललं जातं ते खाली फरशीवर पडतं, आणि ते रोज झाडून काढावं लागतं. हे काम हौसाबाईचं. तीस वर्षं झाली. आधी ती सगळं गोळा करून मागच्या ओढ्यात टाकायची. पण खालच्या वस्तीतून तक्रार आली. ओढ्याचं पाणी पिऊन म्हशी रवंथ करताना लढायांच्या तारखा पुटपुटायला लागल्या होत्या आणि दूध कमी देत होत्या. तेव्हा हौसाबाईनं डोकं चालवलं.

शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नाही, पण शब्द दोन बोटांत चोळला की तिला कळतं, ओला की सुका. निरोप समारंभातलं, बाकाखालचं, पोरं-पोरी जिन्यात बोलतात ते, हे सगळं ओलं. ते खड्ड्यात. त्याच्या खतावर कॉलेजच्या पेरूंना असा रंग चढला की पेरू खाणारी माणसं उगाच लाजायची. सूचना, नियम, नोट्स हे सुकं. त्यात खरमाटे सरांचा इतिहास एक नंबर. बावीस वर्षं एकच वही वाचतात, वाळून खडखडीत माल. एका तासाला दोन पाट्या निघतात. आणि शिव्या तिसऱ्या, लाल डब्यात, झाकण लावून.

मग लॅबमधला जुना तांब्याचा बॉयलर भंगारात निघाला, तो तिनं फाटकातच अडवला. तांबटाकडून तोटी बसवून घेतली आणि होस्टेलच्या मागं बंब मांडला. खाली सुके शब्द, वर शंभर पोरांचं पाणी. होस्टेलच्या चौदा गिझरांवर धूळ बसली. मीटरचं चाक इतकं सावकाश फिरायला लागलं की वायरमन बोटानं टिचक्या मारून बघायचा, जिवंत आहे का म्हणून.

पाहुणे बघायला यायचे. हौसाबाई पदर खोचून सांगायची, "लाकूड न्हाई, लाइट न्हाई. नुसतं खरमाटे सर." आणि खरमाटे सरसुद्धा पाहुण्यांना लांबूनच मान डोलावून दाखवायचे.

प्राचार्य दिघावकरांनी कागद वर पाठवला. वीजबचत आणि पुनर्वापर कमिटीचं उत्तर आलं : सतरा तारखेला सकाळी सहाला तपासणी. गिझरना सील. शंभर विद्यार्थ्यांची आंघोळ. पाणी चाळीस डिग्रीच्या खाली आलं तर योजना बंद, गिझर चालू, आणि झाडण्याचं काम मशीनवाल्या ठेकेदाराला. त्याचं मशीन म्हणजे फुंकणी. सगळे शब्द फुंकून कंपाउंडबाहेर घालवायचे, मग गल्ली जाणे आणि तिचं नशीब.

दिघावकरांनी उलट टपालानं होकार कळवला. छाती पुढं काढून कळवला, त्यामुळं टेबलाच्या काचेखालचं परीक्षेचं वेळापत्रक त्यांना दिसलं नाही. दहा ते वीस, परीक्षा.

परीक्षेत कोण बोलतं? वर्ग झाडले तर निघाले दोन "सर, पुरवणी" आणि एक जांभई. आधीचा साठा केव्हाच जळून गेला होता, आणि खरमाटे सरांची वही पेपर फुटू नये म्हणून वीसपर्यंत कुलपात.

त्यातून शांतता राखायचं काम हौसाबाईच्या नवऱ्याकडं. तो कॉलेजचा शिपाई. बोट ओठावर ठेवून वऱ्हांड्यातून फिरायचा, "शूऽऽ, शूऽऽ." बायको पाटी घेऊन मागं.

"अहो, जरा बोलू द्या की पोरांना!"

"परीक्षा हाय. माझी डूटी हाय."

"आन माझी? तुमच्या ह्या शूऽऽला वजनच न्हाई. पाटीभर गोळा केलं तर बिडी पेटायची न्हाई."

"तू बिडी पेटवू नकोस. कॉलेजात बंदी हाय."

सोळा तारखेला दुपारी दिघावकर स्वतः बंबासमोर उभे राहिले आणि त्यांनी भाषण केलं. विद्यार्थी, देश, उद्याचा भारत, सगळं घेतलं. हौसाबाईनं खाली पडलेलं मुठीत घेतलं आणि फुंकर मारली. भुर्रकन उडालं.

"सर, ही राख हाय," ती म्हणाली. "हे पंधरा ऑगस्टला जाळलं, सव्वीस जानेवारीला जाळलं. किती येळा जाळायचं?"

दिघावकर गप्प झाले. तेही वजनाला काही भरलं नाही.

खरमाटे सर म्हणाले, "लाल डब्यातलं घ्या की. शिव्या चांगल्या पेटत असतील."

"पेटतात. पण भडकतात. गॅदरिंगच्या टायमाला एक मूठ टाकली हुती, बंबाला हितनं तिथवर चीर गेली." तिनं डाग देऊन बुजवलेली चीर दाखवली. सगळ्यांनी ती वाकून पाहिली. नोंदवहीत 'शिव्या अपात्र' असं लिहिलं गेलं.

सतराला पहाटे पाचला हौसाबाई बंबाजवळ बसली होती. शंभर पोरं पंचे गुंडाळून रांगेत कुडकुडत होती, आणि परीक्षेची सवय लागल्यामुळं चकार शब्द काढत नव्हती. नवरा बाजूला टोपी नीट करत उभा.

"अहो," ती म्हणाली, "माझ्याजवळ एक शब्द हाय. कोरा."

"कंचा?"

"तुमचं नाव."

खरंच होतं. लग्न होऊन बेचाळीस वर्षं झाली, तिनं नवऱ्याचं नाव एकदाही घेतलेलं नव्हतं. वरातीच्या दिवशी नणंदांनी दार अडवलं होतं, नाव घे म्हणून. ही तिन्हीसांजेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभी राहिली. शेवटी सासूच म्हणाली, मरू द्या, दिवा लावायचाय, घ्या तिला आत. रेशनकार्डाच्या साहेबानं विचारलं तर हिनं नवऱ्याला दंडाला धरून पुढं केलं.

"माझं नाव तर समदेच घेतात," नवरा म्हणाला.

"त्यांच्याकडं फांद्या हायत. बुडखा माझ्याकडं हाय. बेचाळीस वर्सं वाळलाय."

त्यानं जरा विचार केला.

"परत मिळंल?"

"जळलेलं परत मिळतं व्हय?"

"शंभर पोरांची आंघोळ हुईल?"

"हुईल. वर भांडी घासायलाबी उरंल."

मग त्यानं छाती काढली. त्या छातीपुढं प्राचार्यांची छाती काहीच नाही. "मग घे," तो म्हणाला. "पर नुसतं नको. उखाण्यात घे. ऐनवेळी खाली मान घालू नकोस."

तेवढ्यात कमिटीची गाडी आली. वागळेबाई म्हणून त्यांच्या मुख्य होत्या, हातात थर्मामीटर आणि फॉर्म.

"इंधनाचा प्रकार?" त्यांनी विचारलं.

"नाव."

"कुणाचं?"

"ह्यांचं."

"वापरलेलं की कोरं?"

"कोरं."

"नूतनीकरणक्षम आहे का? म्हणजे परत उगवतं का?"

हौसाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. "न्हाई बाई. एकच नवरा हाय."

वागळेबाईंनी त्या रकान्यात फुली मारून अर्धा मार्क कापला. "मालकाची संमती?"

"हाय," नवरा म्हणाला आणि त्यानं सही केली. त्याची ती शेवटची सही.

हौसाबाईनं डोक्यावर पदर घेतला, बंबाच्या तोंडाशी वाकली आणि साठीच्या वयात नव्या नवरीसारखी लाल होऊन म्हणाली,

"तांब्याच्या बंबाला पितळेची तोटी,
…रावांचं नाव घेते शंभर पोरांसाठी."

मधली जागा मी मुद्दाम गाळलेली नाही. तिथं आता काही नाहीच.

बंब असा पेटला की जाळाचा आवाजसुद्धा आला नाही. धूर नाही, ठिणगी नाही. चाळीस, पन्नास, साठ. शंभर पोरांनी आंघोळ केली, मग खरमाटे सरांनी केली, मग कमिटीनं केली. वागळेबाई केस पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "असं पाणी मला माहेरीसुद्धा मिळालं नाही." पाणी वीस तारखेपर्यंत कढत राहिलं. साडेनव्व्याण्णव मार्क मिळाले, जिल्ह्यात पहिला नंबर. ठेकेदार आपली फुंकणी घेऊन परत गेला. पाटी लागली फाटकावर, पितळी, तिच्यावर हौसाबाईचं नाव प्राचार्यांच्या नावाच्या वर. ती रोज चिंचेनं घासते. कुणी बघत असलं तर दोनदा.

नवऱ्याच्या नावाची जागा मस्टरवर पांढरी पडली. रेशनकार्डावर, बँकेच्या पुस्तकावर, दंडावर गोंदलं होतं तिथंही. हाक मारायला कुणाच्या तोंडात काही येईना. क्लार्कनं वर विचारणा केली. उत्तर आलं, की सदर कर्मचाऱ्यास घरी ज्या संबोधनाने बोलावतात तेच कार्यालयातही वापरावे.

आता सगळं कॉलेज त्याला "अहो" म्हणतं. प्राचार्य म्हणतात, "अहो, घंटा द्या." पोरं म्हणतात, "अहो, हॉलतिकीट राहिलं." त्याची मान ताठ असते. शंभर आंघोळी आहेत त्या मानेवर.

इथवर तुम्ही ओळखलं असेल. नवऱ्याचं नाव गेलं, संपलं, असंच ना?

आता हौसाबाईला चहा झाल्यावर नवऱ्याला बोलवायचं असतं. बेचाळीस वर्षं "अहो" हा शब्द तिचा एकटीचा होता. ती उंबऱ्यात येते, तोंड उघडते, मिटते. मग खराट्याचा दांडा फरशीवर दोनदा आपटते.

तो येतो.