लांजेवारांकडे टीव्ही उशिरा लागतो

आमच्या शेजारचे लांजेवार काका टीव्हीवर कुठलीच गोष्ट लागते तेव्हा पाहत नाहीत. बातम्या, मालिका, क्रिकेट, सगळं आधी त्यांच्या कॉम्प्युटरात रेकॉर्ड होतं. मग काका दार लोटून बसतात, त्यातल्या जाहिराती एकेक करून कापतात आणि तासा-दीड तासाने ते निवडून-पाखडून ठेवलेलं सुमनकाकूंसमोर येतं. मधे कुणी दार वाजवलं तर आतून एकच उत्तर येतं, “थांबा, कचरा काढून राहिलो.”

आम्ही नागपुरात बेसाला नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, माणूस खरंच झाडू मारतोय. मी विरजणाची वाटी धरून बराच वेळ बाहेर उभी होते.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. वायरी, डब्या, पिना यांच्यात हात मुरलेला. सेट-टॉप बॉक्सची वायर त्यांनी टीव्हीला न लावता थेट कॉम्प्युटरला लावली होती. रिमोट त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे, देवळात जातानासुद्धा. कारण विचारलं की म्हणत, “लोकाईले लुटतात हे जाहिरातवाले. माझ्या घरात नाई पाहिजे.”

या उशिरामुळे गमती व्हायच्या. भारत जिंकला की कॉलनीत फटाके फुटत आणि काकांच्या घरी अजून पंधरावं षटक चालू असे. ते घाईघाईने खिडक्या लावून घेत आणि काकूंना सांगत, “वरात असंन कोणाची.” एकदा गारपिटीचा इशारा काकांनी छान साफ करून दाखवला, तोवर गच्चीवरच्या कुरडयांचा चिखल झाला होता. एकदा मालिकेतली नायिका सासूला घेऊन दागिन्यांच्या दुकानात गेली. काकांना ती जाहिरात वाटली आणि त्यांनी अख्खा प्रसंग उडवला. त्याच प्रसंगात सासूला अपघात झाला होता. काकू कितीतरी दिवस मला विचारत होत्या, “सासू कुठं गेली वं, मीनल? एकाएकी फोटोले हार कसा आला?”

आम्ही हसायचो. पण काकांकडे नीट पाहिलं तर त्यात हसण्यासारखं फार नव्हतं. पाहुणा आला आणि म्हणाला, “लावा नं टीव्ही,” की त्यांच्या कपाळावर घाम यायचा. दुसऱ्याच्या घरी टीव्ही चालू असला तर ते काकूंना अशा खुर्चीत बसवत की पाठ पडद्याकडे होईल. स्वतः मात्र सगळा वेळ पडद्याकडे डोळे लावून बसत, दूध उतू जाईल म्हणून गॅसपाशी उभं राहावं तसे.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर कॉम्प्युटर बंद पडला. काका तो रिक्षात घालून सीताबर्डीला घेऊन गेले, आणि दुकानदाराने आठवडा लागेल म्हणून सांगितलं. तिथून ते सरळ आमच्याकडे आले. चेहरा उतरला होता. पाणी दिलं ते तसंच हातात धरून बसले. म्हणाले, काकूंची मालिका सातला लागते, आणि आता वायर थेट टीव्हीला लावा म्हणून ती मागे लागेल. आठवडाभर सातच्या आधी तू तिला कुठंतरी घेऊन जात जा. भाजीला ने, देवळात ने, काहीही सांग.

मी म्हटलं, “काका, एक आठवडा जाहिराती पाहिल्या तर काय होणार आहे?”

त्यांनी पेला खाली ठेवला आणि मग सांगितलं.

त्यांना एक मुलगी होती, पल्लवी. आम्ही इथं येण्याआधीच ती तापाने गेली, हे मला ठाऊक होतं. त्या घरात तिचं नाव निघत नसे. कॉलेजात असताना तिने एका साडीच्या दुकानाच्या जाहिरातीत हौसेनं काम केलं होतं. पिवळी साडी नेसून ती गिरकी घेते, मग दुसरी एक साडी आईच्या खांद्यावर टाकून म्हणते, “आई, हीच घे. तुला खुलून दिसेल.” आई म्हणजे कुणी एक नटी. ती जाहिरात दुकानदार अजूनही सणासुदीला आणि लग्नसराईत लावतो, कधी या चॅनलवर, कधी त्या. कधी येईल त्याचा नेम नाही. पल्लवी गेल्यावर पहिल्या दिवाळीत ती अचानक लागली तेव्हा काकू स्वयंपाकघरात होत्या. काकांनी झडप घालून बटणच बंद केलं. दुसऱ्या दिवसापासून हा उद्योग सुरू झाला.

मी विचारलं, दुकानदाराला सांगून बंद का नाही करवली?

“गेलो होतो,” काका म्हणाले. “पायरीपासून वापस आलो. सांगतलं असतं तर बिचाऱ्यानं बंद केलीच असती. मंग पोरगी कुठंच दिसली नसती नं.”

त्या संध्याकाळपासून काकूंना बाहेर काढायचं काम माझ्याकडे आलं. ज्या रस्त्याने जायचं त्यावरच्या प्रत्येक दुकानात आता मला टीव्हीच दिसू लागला. मिठाईवाल्याकडे, औषधाच्या दुकानात, सलूनमध्ये. मी काकूंना या फुटपाथवरून त्या फुटपाथवर ओढत नेत होते आणि उगाच मोठ्याने बोलत होते. काकू मुकाट्याने येत होत्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी देवळाबाहेरच्या बाकावर त्या बसल्या आणि म्हणाल्या, “किती पळवशीन वं मले? पाय दुखून राहिले.”

मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी माझा हात धरला.

“मले माहीत आहे. यायनंच पाठवलं तुले.”

मग त्या बोलत गेल्या. ब्लाउज शिवणाऱ्या बाईंच्या दुकानात दुपारी टीव्ही चालू असतो. तिथं त्यांनी पल्लवीला केव्हाच पाहिलं होतं. तेव्हापासून सणाचे दिवस आले की त्यांचा एखादा ब्लाउज सैल होतो नाहीतर घट्ट होतो. तिथं स्टुलावर बसून त्या वाट पाहतात. कधी दिसते, कधी नाही.

“काकांना का नाही सांगितलं?”

“काय सांगू? यायले वाटते का मी सावरून राहिली ते यायच्या कापण्यानं. वाटू द्या म्हटलं.” त्यांनी चपला काढून पाय बाकावर घेतले. “पण मीनल, मी इतके दिवस ध्यानातच घेतलं नाई. कापाचं म्हणजे आधी पाहाच लागते नं? कुठं सुरू होते, कुठं संपते. मी तरी दुकानात चार बायांत बसतो. हे एकटेच पाहतात.”

पुढचे दिवस वाईट गेले. काका जिन्यात गाठून विचारत, तिला काही दिसलं तर नाही नं? मी नाही म्हणायची. काकू माझ्याकडे पाहतही नसत. दोघांचं गुपित माझ्यापाशी होतं आणि एकाचं दुसऱ्याला कळलं तर काय होईल, या धास्तीने मला दाराची बेल वाजली तरी दचकायला व्हायचं.

कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आला त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. बाहेरचं दार उघडं होतं, आतल्या खोलीचंही. काका पडद्यासमोर बसले होते आणि काकू स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आत नेत होत्या. काकूंना पाहून काका कानांवरचे हेडफोन गळ्यात ओढत गडबडून उठले.

“तू काहून आली? अजून झालं नाई माझं.”

काकूंनी खुर्ची त्यांच्या खुर्चीला लावली आणि बसल्या. पडद्यावर पिवळी साडी गिरकीच्या मधेच थांबलेली होती. मी दारात उभी होते. पुढे जावं की मागे फिरावं, मला सुचेना. काका पडदा झाकायला गेले, पण त्यांचा हात वाटेतच राहिला. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि ते नाही हे काकांच्या लक्षात येताना मी पाहिलं. ते हळूच खाली बसले.

“कापतो मी,” ते म्हणाले.

“राहू द्या,” काकू म्हणाल्या. “पहिल्यापासून लावा.”

काकांनी गळ्यातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले, त्यांची वायर उपसली आणि आवाज खोलीत मोकळा केला.