हंसमानेतला करंट

पितळी दिवा भिंतीवर चढला आणि टिल्लीनं पलंगावर उभं राहून हात लांब केला. तिची बोटं दिव्याच्या हंसासारख्या मानेपासून वीतभर लांब राहिली. सूनबाईनं ते अंतर मनातल्या मनात महिन्यांत मोजलं. तीन. फार तर चार.

"अर्थिंगशिवाय हा दिवा लागणार नाही," तिनं नवऱ्याला बजावलं.

"अगं, जुन्या दिव्याला कसलं अर्थिंग? दोन वायरी, काम संपलं."

"अख्खा पितळेचा आहे तो. आणि तुझ्या लेकीचं ठरलेलं आहे. चकाकलं की आधी हात, मग तोंड."

दिवा सासूबाईंच्या वडिलांच्या दुकानातला. चाळीस वर्षं ट्रंकेत झोपलेला. तो लावायचा नाही, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. नवऱ्यानं मुकाट्यानं अर्थिंगची हिरवी वायर आणली. हंसाच्या मानेतली जुनी, सुती वेष्टणाची वायर मात्र काही केल्या ओढून निघेना. त्यानं ती तशीच आत ठेवली आणि खाली डोकावणाऱ्या टोकांना नवी जोडली. हे त्यानं बायकोला सांगितलं नाही.

तो स्टुलावर उभा राहून वायर सोलत होता, तेवढ्यात डोक्यावरचा पंखा फिरू लागला.

"मेन कुणी चालू केला?"

"मी," बाहेरून सासऱ्यांचा समाधानी आवाज आला. "खटका पडलेला दिसला, उचलला."

या घराचा मेनचा खटका म्हातारा होता. दिवसातून दोनदा आपोआप पडायचा. जो जवळून जाईल त्यानं तो उचलायचा, ही घराची शिस्त होती आणि सासरे शिस्तीचे पक्के.

सूनबाईनं मेन बंद केला, बोर्डाखाली खुर्ची ठेवली आणि सासऱ्यांना तिच्यात बसवलं. "बाबा, मी सांगेपर्यंत हात मांडीवर."

"पण पडलेला दिसतोय गं."

"दिसू दे."

काम संपल्यावरही तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिनं वायरमनला बोलावलं. त्याच्यासमोरच मेन चालू झाला, दिवा लागला. पिवळसर, मऊ उजेड पसरला. नवऱ्यानं कॉलर ताठ केली. वायरमननं टेस्टर काढून हंसाच्या मानेला टेकवला.

टेस्टरही लागला.

"पितळेत करंट आहे, दादा. आतली वायर बदललीत ना?"

नवऱ्यानं छताकडे पाहिलं. बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. ते भांडण नंतरसाठी राखून ठेवलं गेलं.

"पण अर्थिंग जोडलंय की!" नवरा म्हणाला.

"तेच तर. ते खरंच जमिनीपर्यंत पोहोचलं असतं तर फ्यूज उडाला असता." वायरमन भराभर स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं फ्रिजला टेस्टर लावला. तोही लागला. त्याचा चेहरा पालटला. "घरभर फिरतोय हा. काका, अर्थिंगची तार बाहेर कुठं पुरलीय?"

"पुरलेली होती," सासरे खुर्चीतूनच अभिमानानं म्हणाले. "चांगली तांब्याची तार, नुसती मातीत! वीस वर्षांपूर्वी मी मातीतलं टोक उपटलं आणि तार बोर्डापासून न सोडवता तशीच हिला कपडे वाळत घालायला बांधून दिली. अजून गंज नाही."

सूनबाईनं खिडकीतून बाहेर पाहिलं. परसात सासूबाई. पायाशी पिळलेल्या कपड्यांची बादली. एका हातात ओला फ्रॉक, कडेवर टिल्ली. आणि टिल्लीचा हात वर, उन्हात चकाकणाऱ्या तारेकडे.

"बाबा, मेन पाडा!"

सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात खटका पाडला नव्हता, फक्त उचलला होता. क्षणभर त्यांचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी असा काही हिसका दिला, की दिवा विझला, पंखा थांबला आणि खटका तुटून त्यांच्या मुठीत आला.

बाहेर टिल्लीनं तार पकडली. जोरात हलवली. खुदकन हसली.

सूनबाई परसात कशी पोहोचली ते तिचं तिलाच कळलं नाही. टिल्लीला छातीशी धरून ती ओल्या पायरीवर मटकन बसली.

मागून वायरमन आला. "काकू, या तारेवर कपडे घालताना कधी हाताला मुंग्या यायच्या?"

"रोज येतात," सासूबाई म्हणाल्या. "सहा वर्षं झाली, फ्रिज आला तेव्हापासून. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत."

सासरे मुठीतला खटका निरखत राहिले.

चार दिवसांनी परसात नवा खड्डा झाला, जमिनीत नवी तार गेली, हंसाच्या मानेत नवी वायर गेली. टेस्टर कुठंच लागेना. तरी सूनबाईनं आधी स्वतःचा तळवा पितळेवर ठेवला, दहा आकडे मोजले आणि मगच टिल्लीला उचललं. टिल्लीनं दिवा चाचपला, जिभेनं चाखला आणि तोंड वाकडं करून वायरमनच्या टेस्टरकडे झेपावली.

परसात सासूबाईंनी सुती दोरीवर पहिला फ्रॉक टाकला. मग बोटं उघडून मिटून पाहिली.

"अगंबाई! आज मुंग्या नाहीत."

"बघ," सासरे म्हणाले, "मी म्हणत नव्हतो, त्या गोळ्यांनी गुण येईल म्हणून?"