पायऱ्यांचे शैक्षणिक मूल्य

आवक-जावक विभागाच्या बाई चाकाच्या खुर्चीवर येत आणि कार्यालयाच्या दाराशी पायऱ्या होत्या. रोज दोन शिपाई त्यांना खुर्चीसकट उचलून आत नेत. बाईंना मुख्य लिपिकपदी बढती मिळाली. महिनाअखेरपर्यंत आतल्या टेबलाशी बसून पदभार घ्यायचा, नाहीतर बढती रद्द. "मुख्य लिपिक काय कपाटासारखी आत न्यायची?" म्हणत बाईंनी उतार बांधून मागितला आणि तिथंच माशी शिंकली.

साहेब संवेदनशील होते. "उतार काय, केव्हाही बांधू हो. पण आधी तुमची अडचण आम्हाला अनुभवायला नको का?"

लगेच अनुभव वर्ग भरला. खुर्ची एकच, बाईंची. ती वर्गासाठी घेण्यात आली आणि बाईंना कट्ट्यावर बसवण्यात आलं. एकेक अधिकारी खुर्चीत बसे, पायरीला चाक आपटे, "अरेरे!" म्हणून डोळे पुसे आणि उठून तरातरा पायऱ्या चढून जाई.

"साहेब, मला आत कोण नेणार?"

"शिपाई प्रशिक्षणार्थींची खुर्ची धरतायत, बाई. असं स्वतःपुरतं बघू नये."

वर्गाचा बोलबाला झाला. इतर कार्यालयांतून रांगा लागल्या. उताराचा प्रस्ताव आला तेव्हा बैठक हादरलीच. उतार झाला तर लोकांना त्रास कसा होणार, आणि त्रासच नाही तर जाणीव कुठून होणार? पायऱ्यांना शैक्षणिक साहित्याचा दर्जा मिळाला. अनुभव उथळ राहू नये म्हणून आणखी एक पायरी बांधली.

"ताई, मागितला उतार आणि पदरात पडला चढ!" न्यायला आलेला धाकटा भाऊ म्हणाला.

"हसू नकोस रे मेल्या. उद्या मुदत संपतेय." बाईंना रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी भावानं त्यांना पाठुंगळी घेतलं. पहारेकरी आडवा आला. "वर्ग केलाय का? त्याशिवाय पायऱ्यांवर सोडत नाही."

"अहो, ती खुर्चीच माझी आहे!"

"नुसती खुर्ची असून भागत नाही, बाई. अनुभव लागतो."

पद साहेबांच्या मेहुण्यांना मिळालं. खुर्चीत सगळ्यांत जास्त वेळ तेच बसले होते. पदभार घेताना त्यांचा गळा दाटून आला. बाहेर बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत, याची खेदपूर्वक नोंद झाली.

हे वाचून आपल्याही घशात आवंढा आला असल्यास आपण उत्तीर्ण आहात. बाई अजून बाहेरच आहेत, पण त्याचा आपल्या गुणांवर परिणाम होणार नाही.